राखीव खोली

इमारतीत वीज कुठून येईल, तारा कुठून जातील आणि वीज गेली तर काय चालू राहील, हे कागदावर ठरवणं हा माझा धंदा. मंगल कार्यालयं, दवाखाने, शेंद्र्याच्या कारखान्यांचे शेड, असली कामं मी वर्षानुवर्षं केली. मंगल कार्यालयात दिवे गेले तर फार तर वरमाय चिडते, मग जनरेटर सुरू होतो आणि सगळे पुन्हा जेवायला बसतात. त्यामुळे कंट्रोल रूमचं काम माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले अपघाताचे, आगीचे, आजारपणाचे सगळे फोन एका ठिकाणी घ्यायचे आणि तिथूनच अँब्युलन्स किंवा बंब पाठवायचे, असं एका कचेरीनं ठरवलं होतं. कचेरी कोणती ते सांगत नाही. सांगून काही फरक पडेल असं वाटलं असतं तर सांगितलं असतं.

पहिल्या बैठकीला जाताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो अगदी घरगुती होता. आई गेल्यापासून हर्सूलच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि दादा, म्हणजे माझे वडील. शहागंजातलं त्यांचं हार्डवेअरचं दुकान विकून झालं होतं, छातीचं दुखणं एकदा होऊन गेलं होतं आणि मी दिवसभर बाहेर. मी घरात नसताना दादांच्या छातीत पुन्हा दुखलं आणि त्यांनी फोन केला, तर तो उचलला जाईल का आणि गाडी येईल का? मी त्या इमारतीची प्रत्येक रेघ ह्या प्रश्नाला धरून मारली. बाकीच्यांसमोर मोठमोठे शब्द वापरले, पण मनात दादाच होते.

त्या कचेरीचे तेव्हाचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, एका खोलीत काम होतंय ना? मग ही दुसरी तशीच खोली मागच्या इमारतीत कशाला?"

मी म्हटलं, "पहिली बंद पडली तर."

"का बंद पडेल? नवीन बांधतोय आपण."

मग मी त्यांना समजावत बसले. अशा जागेत एक वस्तू मोडली तरी काम मोडता कामा नये. म्हणून विजेच्या दोन वाटा, फोनच्या केबलच्या दोन वाटा, एक पुढच्या रस्त्यानं आणि एक मागच्या गल्लीनं. दोन जनरेटर, तेही चौथऱ्यावर, पाणी साचलं तरी भिजू नयेत म्हणून. आणि दोन खोल्या, दोन्हींत तेच टेबल, तेच फोन, तोच नकाशा. आठवड्यातून एक पाळी सगळ्यांनी मागच्या राखीव खोलीत बसायचं, म्हणजे ती खोली जिवंत राहील आणि लोकांचा हात तिथं बसलेला राहील. साहेबांनी मंजूर केलं. त्या शेवटच्या नियमाला तर कुणीच हरकत घेतली नाही. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की तो कुणी मनावर घेतलेला नाही.

जुन्या जागी, जिन्याखालच्या एका टेबलावर, जी मुलगी फोन घ्यायची ती ह्या कामात माझी मैत्रीण झाली. वयानं माझ्या निम्मी असेल. राहायला शहागंजच्या मागं, घरी दखनी, शाळा मराठी, आणि फोनवर समोरचा ज्या भाषेत रडेल ती भाषा. ऑपरेटरांना काय काय लागेल, असं मी तिला विचारलं तेव्हा तिनं एकच मागणी केली. "मॅडम, खिडकी पायजे. दिवसभर लोकां कान में रोते. बाहर एखादं झाड तरी दिसू द्या." मी तिच्या टेबलासमोर मोठी खिडकी काढली, बाहेर कडुलिंब होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या भिंतीवर बाहेरून भलामोठा फ्लेक्स लागला. तो कार्यक्रमानंतर उतरवणार होते. रंग उडून गेला, कडा फाटल्या, पण फ्लेक्स तिथंच राहिला आणि ती मुलगी कडुलिंबाऐवजी हात जोडलेल्या माणसांच्या उलट्या सावल्या बघत फोन घेत राहिली.

ही झाली चेष्टा. आता केबलचं सांगते.

एका आठवड्यात मी दुसऱ्या साइटवर अडकले होते. परत आले तर चर बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवून झाले होते. मागच्या गल्लीत मात्र माती जशीच्या तशी. मी ठेकेदाराला विचारलं, "दुसरी केबल कुठून नेली?"

"हितूनच की," तो म्हणाला आणि पायाखालचे ब्लॉक दाखवले. "एकाच खड्ड्यात दोन्ही टाकल्या. मागच्या गल्लीची परवानगी येईना. कशाला दोनदा खोदायचं?"

"अहो, पण एक तुटली तर दुसरी राहावी म्हणून दोन वाटा होत्या."

"दोन केबल पायजे व्हत्या ना मॅडम? दोन टाकल्यात. मोजून घ्या."

मला संताप आला. तो फसवत होता असंही नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं काम चोख केलं होतं, वर रस्ताही कमी उकरला होता. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तारीख ठरली आहे, पाहुणे ठरले आहेत, आता अंगण उकरलं तर माझं काही खरं नाही. उद्घाटन होऊन जाऊ द्या, मग बघू. ह्या 'मग बघू'मध्ये आमचं अर्धं शहर गाडलेलं आहे.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना काय दाखवायचं हा प्रश्न पडला. मुख्य खोलीत तर खरे फोन वाजत होते, कुणीतरी ओरडत होतं, कुणी पत्ता नीट सांगत नव्हतं. पाहुण्यांचा फोटो काढायला ती जागा बरी दिसेना. मग कुणाला तरी मागची राखीव खोली आठवली. शांत, थंड, चकचकीत, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. फोटो सुरेख आले.

आणि तिथंच सगळं फसलं. त्यानंतर जो कुणी पाहुणा येईल त्याला तीच खोली दाखवायची असा रिवाज पडला. आमच्याकडे प्रत्येक घरात शोकेसमध्ये कपबशांचा एक सेट असतो. घरातले लोक दांडा तुटलेल्या कपातून चहा पितात आणि तो सेट पाहुण्यांसाठी राहतो. आमच्याही घरी होता. आई गेली तोवर त्यातल्या एकाही कपाला तिचा ओठ लागला नाही. तसंच त्या खोलीचं झालं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, उलट सगळ्यांना तिचा अभिमान होता. तिथला शिपाई तर इतका जपणारा की आत जाणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावायचा. रोज सकाळी फडकं मारायचा आणि संध्याकाळी जाताना मेन स्विच बंद करून, कुलूप लावून किल्ली खिशात घालायचा.

मी त्याला हात जोडून सांगितलं, "मामा, स्विच बंद करू नका. आतल्या बॅटऱ्या चार्ज व्हायला पाहिजेत. तशाच पडल्या तर मरतात."

"व्हय मॅडम," तो म्हणायचा. आणि संध्याकाळी बंद करायचा. रिकाम्या खोलीत वीज चालू ठेवून घरी जाणं त्याच्या हातून होईना. त्याला दोष तरी काय देऊ? दिवा चालू सोडून खोलीबाहेर पडलं की पाठीत धपाटा बसायचा, अशाच घरात मीही वाढले.

आठवड्याच्या त्या पाळीचं मी साहेबांना पुन्हा विचारलं. ते हसले. "मॅडम, एवढी चांगली खोली. पोरी बसल्या की डबे खाणार, खुर्च्यांवर तेल सांडणार. उद्या मंत्रालयातून कोणी आलं तर काय दाखवू?"

मी रोज घरी येऊन हे सगळं दादांना सांगायची. दुसरं होतं कोण? दादा पाटावर बसून भाकरी मोडत ऐकायचे. मला त्यांचं नवल वाटायचं, कारण आयुष्यात त्यांनी माझं काही म्हणून ऐकलं नव्हतं. दुकान विकू नका म्हटलं तर विकलं. मीठ कमी खा म्हटलं तर भाकरीवर चिमूट टाकून खायचे. गोळ्या वेळेवर घ्या म्हटलं की, "तू इंजिनेर हाईस माय, डाक्टर नाय." पण कंट्रोल रूमच्या गोष्टी ते कान देऊन ऐकायचे, मध्येच प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर मित्रांना सांगायचे. "आमच्या पोरीचं म्हणणं हाय, दोन्ही वायरी एकाच खड्ड्यात घातल्यात गाढवांनी." मला त्याचं सुख वाटायचं, हे लपवून काय करू. एकदाचं बापानं आपलं काम समजून घेतलं.

मग तो दिवस आला. शहरभर नव्या पाण्याच्या लाइनीसाठी रस्ते उकरणं चालूच होतं, कचेरीसमोरही जेसीबी लागला होता. दुपारी त्या मुलीचा मला मोबाइलवर फोन आला. "मॅडम, सगळे फोन एकदम चुप हो गये. एक बाई बोलायली होती, बीच में कट गयी. और वापस लगताच नाही." पुढं काय ऐकायचं ते मला पाठ होतं.

मी स्कूटरवर पोचले तोवर लोक गोळा झाले होते. जेसीबीच्या दातांना दोन केबली लोंबत होत्या, शेजारी शेजारी. ठेकेदारानं सांगितलं होतं तशा, मोजून दोन. आणि त्याच खड्ड्यातून विजेच्याही दोन्ही लाइनी उखडल्या होत्या म्हणून वीज गेलेली. पुढच्या जनरेटरवर दिवे आले होते, पण केबलीच तुटल्यावर फोन कसले वाजणार. मी ओरडले, मागची खोली उघडा. तिथल्या जनरेटरवर फोनचं यंत्र चालेल, एक साधी मोबाइलची जोडणी मी त्या यंत्रात घालून ठेवली होती, तीवर काही फोन तरी वळवता येतील. खोलीला कुलूप. शिपाई मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात, आणि लग्न कन्नड गावाच्या पुढं, दोन तासांच्या वाटेवर.

"कुलूप तोडा," मी म्हटलं.

कुणी पुढं येईना. सरकारी कुलूप कुणाच्या सांगण्यावरून तोडायचं? साहेब मीटिंगमध्ये होते, फोन बंद होता. मी बाहेरची बाई, माझ्या सांगण्यावरून तोडलं तर उद्या जबाब कोण देणार? मी वीट उचलली तर एका कारकुनानं माझा हात धरला, अगदी आदरानं. "मॅडम, तुमच्यावर येईल." शेवटी साहेब आले तेव्हा कुलूप तुटलं. आत खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच होतं. जनरेटर सुरू होण्यासाठीची बॅटरी मेलेली, यंत्राच्या बॅटऱ्याही मेलेल्या. खोलीत फक्त फडक्याचा वास होता. ऑपरेटर मुली बाहेरच्या पायरीवर आपापले मोबाइल हातात घेऊन बसल्या होत्या, पण त्यांचे नंबर शहराला थोडेच माहीत होते.

संध्याकाळी फोन पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या वेळात कुणी कुणी फोन लावला, किती जणांनी घंटी ऐकण्याची वाट पाहिली आणि नाद सोडला, हे कळायला काही मार्ग नाही. लागलेल्या फोनची नोंद राहते, न लागलेल्याची कुठून राहणार? ती अर्धी बोललेली बाई कोण होती हे त्या मुलीला कधीच कळलं नाही. ती कित्येक दिवस मला विचारायची, "मॅडम, उसका क्या हुआ होगा?" गावात मात्र गोष्टी पसरल्या. कुणी म्हणे बाळंतिणीला भाजीच्या गाड्यावर नेलं, कुणी म्हणे म्हातारा दारातच गेला. खरं खोटं देव जाणे. नंबर लागत नाही, एवढं मात्र सगळ्यांच्या तोंडी झालं.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले, त्यांनी राखीव खोलीला आधीपेक्षा मजबूत कुलूप बसवून घेतलं. मागच्या गल्लीतली केबल तत्त्वतः मंजूर झाली आणि तत्त्वतःच राहिली. मी हळूहळू तिकडे जाणं कमी केलं. माझं काम संपलं होतं, बिलही निघालं होतं, आता बोलण्याचा हक्क कशाच्या जोरावर सांगायचा?

पण एक गोष्ट इथं सांगायला हवी. त्यानंतर मुख्य खोलीचं काम बरं चाललं होतं. खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं होतं. मुली फोन पटापट उचलायच्या, गाड्या वाटून ठेवल्या होत्या, एक हर्सूललाही उभी असायची. त्या मुलीनं मला कितीदा सांगितलं, आज अमक्याला वेळेत पोचवलं, आज तमकीचं बाळ गाडीतच झालं आणि दोघं सुखरूप. मी ऐकायची, बरं वाटायचं आणि विसरायची. दादांना मी त्यातलं काही सांगितलं नाही. आज सगळं नीट चाललं, हे घरी येऊन कोण सांगतं? घरी येऊन माणूस कुलपाचं सांगतो, खड्ड्याचं सांगतो, गाढवांचं सांगतो.

दादांच्या छातीत दुखायला लागलं ती दुपार होती. मी शेंद्र्याला एका शेडवर होते, यंत्रांच्या आवाजात मोबाइल ऐकू आला नाही. दादा ओट्यावर बसले होते, घामानं सदरा भिजलेला. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि त्या धावत आल्या. त्या म्हणाल्या, तो नंबर लावते, गाडी येईल. मोबाइल त्यांच्या हातातच होता.

दादा म्हणाले, "नको. कोण उचलायलंय तिथं. आमची पोर रोज सांगती ना. टाइम जाईल. रिक्षा बघा."

काकूंनी मुलाला नाक्यावर पिटाळलं. रिक्षा मिळाली, पण वेळानं मिळाली. मग टी पॉइंटच्या पुढं उकरलेला रस्ता, ट्रकांची रांग, रिक्षावाल्याचं हॉर्नवर हॉर्न. दादा काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे डोळे उघडून बॅटरी मारली आणि काकूंकडे बघून मान हलवली.

मी पोचले तेव्हा काकूंनी मला घडलं तसं सगळं सांगितलं. त्यात एक शब्दही लपवला नाही, उलट मला बरं वाटावं म्हणून शेवटी म्हणाल्या, "लई भरवसा व्हता तुमच्यावर त्यांचा. पोर म्हनती म्हंजे तसंच, म्हनले." मी भिंतीला टेकून खाली बसले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. ठेकेदारावर, शिपायावर, साहेबावर, की भाकरीवर मीठ टाकून खाणाऱ्या त्या म्हाताऱ्यावर, ज्यानं उभ्या जन्मात माझं नेमकं हेच ऐकलं. आणि मी सांगितलेलं सगळं खरं होतं. त्यातला एक शब्दही मला परत घेता येत नाही.

सुतकात ती मुलगी आपल्या अम्मीला घेऊन भेटायला आली. दोघी खाली सतरंजीवर बसल्या. अम्मी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी ड्यूटीवरच होते. दोपहर को फोन बहुत कम थे. हर्सूलची गाडी हर्सूललाच उभी होती, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला." तिला हुंदका आला. "एक बार लगाना था ना मॅडम. मी उचलला असता."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

ती गेल्यावर काकू चहाचे कप उचलायला आल्या. त्यांचे यजमान दम्यानं आजारी असतात, हिवाळ्यात त्यांचं काही खरं नसतं. कप एकात एक घालत त्यांनी मला हळूच विचारलं, "ती पोरगी म्हनती ते खरं हाय का? मंग लावावा का तो नंबर, आमच्या यांना काही झालं तर?"

मी म्हटलं, "लावा. उचलतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, समजूत घालतात तशी. सुतकातल्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही.